पुण्याजवळच्या जुन्या, सोडून दिलेल्या रेल्वे लाइनी बाइकवर बघायच्यात, कुठून सुरू करू?

धायरीची_स्वारी

नमस्कार मंडळी. मागच्या महिन्यात लोणंदला मावशीकडे गाडीवर गेले होते, येताना दिवे घाटातलं ट्रॅफिक नको म्हणून जेजुरीवरून वाघापूरमार्गे शिंदवणे घाटाकडे वळले, आणि घाट उतरायच्या आधी चहाला थांबले तर टपरीच्या मागे शेतात एक दगडी मोरी, म्हणजे खालून पाणी जायला बांधलेला छोटा कमानीचा पूल, नुसतीच उभी. वर रूळ नाही, रस्ता नाही, दोन्ही बाजूचा भराव नांगरून सपाट केलेला. टपरीवाले आजोबा म्हणाले, "जुनी लाइन हाय ती, छोट्या गाडीची."

जवळ जाऊन बघितलं. कमानीच्या दगडांवर छिन्नीचे तिरके घाव अजून स्पष्ट दिसतात, आणि खाली डाव्या हाताच्या दगडावर तीन उभ्या रेघा आणि शेजारी एक फुली कोरलीये. मी त्यावर बोट फिरवलं आणि तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये, कोणी कोरलं असेल ते.

तर मला अशा जागा शोधत फिरायचंय, शक्यतो एका दिवसात पुण्याला परत येता येईल अशा. गाडी दीडशे सीसी आहे, साधे टायर. कधी जावं, काय काळजी घ्यावी, आणि ती फुली कसली, कोणाला माहीत असेल तर प्लीज सांगा.

मीटरगेज_हडपसर

ताई, तुम्ही बरोबर जागी थांबलात. पुणे-मिरज लाइन आधी मीटर गेज होती, म्हणजे दोन रुळांत 1000 मिलिमीटर अंतर, आत्ताच्या ब्रॉडगेजला ते 1676 आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सदर्न मराठा रेल्वेने ती टाकली, आणि 1971 पर्यंत कोल्हापूरपर्यंत ब्रॉडगेज झाली. छोटी गाडी कमी जागेत वळते, मोठ्या गाडीला वळण रुंद लागतं, चढ सौम्य लागतो, म्हणून घाटाच्या भागात नवी लाइन जुनीवरूनच न नेता बाजूने नेली आणि जुना भराव, मोऱ्या, पुलांचे खांब तिथेच राहिले. शिंदवणे-आंबळे एक पट्टा आणि लोणंदच्या पुढे आदर्कीचा दुसरा. आदर्की जास्त मोकळं आणि जास्त सुंदर आहे असं माझं मत, पण पुण्याहून शंभर किलोमीटरच्या आसपास पडतं, पहाटे निघा.

फुलीबद्दल. ती बहुतेक पाथरवटाची खूण असणार. दगड घडवणाऱ्याला घडवलेल्या दगडांवर मजुरी मिळायची, मग कोणाचे किती दगड हे मोजायला प्रत्येकाची आपली खूण. आदर्कीच्या बाजूला एका पडक्या पुलाच्या खांबावर मी पण अशा खुणा बघितल्यात, त्यात एक त्रिशूळासारखी होती.

जुनी लाइन शोधायची सगळ्यात सोपी युक्ती सांगतो, सॅटेलाइट मॅपवर शेतांचे बांध बघा. बांध, पाणंद, गाडीवाट हे सगळं काटकोनात किंवा वेडंवाकडं जातं, रेल्वे एकटीच अशी की लांबच लांब एका सावकाश वळणात जाते. शेतांच्या मधून असा कमानदार बांध दिसला आणि ओढ्यापाशी तो तुटलेला असला की तिथे खाली मोरी नाहीतर खांब असणारच.

नीरेकाठचा

माझे वडील गँगमन होते, म्हणजे रूळ तपासून दुरुस्त करणारे, त्याच छोट्या लाइनीवर. लहानपणी मी त्यांच्यासोबत खडीवरून चालत गेलोय, ते रूळ घट्ट धरून ठेवणाऱ्या प्रत्येक चावीवर हातोडा मारून आवाज ऐकायचे, घट्ट असली की टणक वाजते आणि सैल झाली की बद्द. तो फरक मला अजून ऐकू येतो.

मुंबई-पुणे मोठी लाइन आणि पुण्याच्या पुढे छोटी, त्यामुळे माणसं पुण्यात गाडी बदलायची ती ठीक, पण माल पण एका डब्यातून काढून दुसऱ्या डब्यात भरायला लागायचा, गूळ, शेंगा, हळद, सगळं पाठीवर. सांगलीच्या हळदीने हमालांचे सदरे पिवळे व्हायचे असं वडील सांगायचे.

बाळ, दोन गोष्टी ध्यानात ठेव. कमानीखाली जाण्याआधी वर बघ, आग्यामोहोळ असतं. धूर नको, सेंट नको, मोठ्याने बोलणं नको, आणि मोहोळ दिसलं तर त्या दिवशी ती मोरी लांबूनच बघायची. दुसरं म्हणजे गावात विचारताना 'जुनी गाडी कुठून जायची' असं विचार. हेरिटेज वगैरे म्हटलंस की लोकांना वाटतं जमिनीचं काहीतरी आहे, कारण भराव बऱ्याच ठिकाणी आता कसतात.

आणखी एक, मोरीच्या आसपास गवतात गोल दगडी पन्हळ दिसते का बघ. तो चुन्याचा घाणा. बैल फिरवून दगडी चाकाखाली चुना मळायचे, त्या चुन्यावर सगळं बांधकाम उभं आहे. आमच्या गावाजवळ एक आहे, चाक मात्र कोणीतरी उचलून नेलं, फार वाईट वाटतं.

खंडाळा_बुलेट

मीटर गेजवाल्यांनी सगळं सांगितलंच आहे, पण बोरघाट सोडून कसं चालेल! पुण्याकडची लाइन खंडाळ्यापर्यंत 1858 ला सुरू झाली, खालून लाइन खोपोलीपर्यंत आली होती, आणि मधला घाट लोक पालखीतून, तट्टावरून नाहीतर बैलगाडीतून पार करायचे. घाटातली लाइन 1863 ला सुरू झाली. सुमारे 15 मैलांत 1831 फूट चढ, सगळ्यात खडा भाग 37 ला 1, म्हणजे 37 फूट पुढे गेलं की 1 फूट वर. कंत्राट घेतलेला सॉलोमन ट्रेडवेल 1859 ला इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची बायको ॲलिस हिने ते काम पुढे नेलं. मजूर मात्र हजारोंनी मेले, पटकी, ताप, सुरुंग, आणि त्यांची नावं कुठे नाहीत. ताई, तुमची फुली वाचून मला हेच आठवलं.

तिथे रिव्हर्सिंग स्टेशन होतं. डोंगराच्या सोंडेवर वळायला जागाच नाही, म्हणून गाडी सोंडेच्या टोकाला जाऊन थांबायची, इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला लावायचे आणि गाडी उलट्या तोंडाने पुढचा घाट चढायची. 1929 ला नवी लाइन काढली आणि ते स्टेशन बंद झालं. त्याच्या दगडी कमानी अमृतांजन पॉइंटच्या परिसरातून दिसतात. तिथला अमृतांजन पूल मात्र 2020 च्या लॉकडाउनमध्ये पाडला, मी लहानपणापासून बघितलेला, तो नसल्याची सवय अजून झालेली नाही.

एक्स्प्रेसवेवर टू-व्हीलरला बंदी आहे, जुन्या हायवेनेच जायचं. वाटेत शिंग्रोबाच्या देवळापाशी थांबा. घाटाची वाट साहेबाला या धनगराने दाखवली आणि नंतर त्यालाच मारलं अशी कथा आहे, घाट उतरणारे ड्रायव्हर अजून तिथे नाणं टाकतात.

पण चालू लाइनीवर पाय ठेवायचा नाही, बोगद्यात तर अजिबातच नाही. रेल्वे कायद्याचं कलम 147, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि घाटात बँकर, म्हणजे चढाला मदत करणारी जादा इंजिनं, लावलेल्या गाड्या सारख्या येत-जात असतात, वळणामुळे समोरचं दिसत नाही.

मीटरगेज_हडपसर

गाडीबद्दल राहिलंच. पावसात काळ्या मातीत उतरू नका, मडगार्ड आणि टायरमध्ये माती अशी बसते की चाकच फिरत नाही, मी दोन तास काटकीने खरवडत बसलोय. डिसेंबर ते फेब्रुवारी बेस्ट, गवत वाळलेलं असतं आणि भराव उठून दिसतो. बाभळीचा काटा हमखास लागतो, जादा ट्यूब आणि पंप जवळ पाहिजेच. आणि गाडी डांबरी रस्त्यालाच लावून पुढे चालत जा, भरावावर चढवू नका, पीक असतं. एकटीने गेलात तरी टपरीवर सांगून जा कुठे चाललात ते.

धायरीची_स्वारी

सगळ्यांना मनापासून थँक्यू. काका, चावीच्या आवाजाचं वाचून मी आईला पण वाचून दाखवलं.

भाऊ यायला तयार झालाय, तर पहिल्या रविवारी पहाटे पाचला निघून सरळ आदर्की, तिथून येताना परत शिंदवणे. तीन रेघा आणि फुली वहीत काढून ठेवलीये. आदर्कीच्या खांबांवर तीच खूण सापडते का ते बघायचंय. दादा, तो त्रिशूळवाला खांब लोणंदकडून येताना ओढ्याच्या अलीकडे की पलीकडे, तेवढं सांगा.