रीलमधले डॉक्टर आणि विद्यार्थ्यांची तब्येत

निशाचर: 'कॉलेजातल्या आरोग्य व्याख्यानांना जमलं नाही ते डॉक्टरांच्या रील्सनी करून दाखवलं', असं कालच्या धाग्यात कुणीतरी ठासून लिहिलं होतं. उत्तर लांबलं म्हणून वेगळा धागा. माझ्या रूममेटने अशीच रील पाहून ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची गोळी सुरू केली. ती आठवड्यातून एकदा घ्यायची असते. हा रोज घेत होता, दोन महिने. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, जास्त झालं तरी लगेच बाहेर पडत नाही. रक्तातलं कॅल्शियम वाढलं, उलट्या, सारखी तहान, शेवटी ॲडमिट. रीलमध्ये आकडा होता, 'आठवड्यातून एकदा' हे नव्हतं.

अनामिका२: पाकिटावरचं वाचलं नाही हा दोष मित्राचा. माझं ऐका. पाळीत इतका रक्तस्राव व्हायचा की जिना चढताना धाप लागायची. घरी एकच उत्तर, 'सगळ्यांनाच होतं.' एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंच्या व्हिडिओत ऐकलं, की तासा-दोन तासाला पॅड बदलावं लागत असेल तर डॉक्टरांना दाखवा. दाखवलं. हिमोग्लोबिन ७ निघालं. एका मित्रावरून सगळ्यांना झोडपू नका.

निशाचर: त्या बाईंनी तुम्हाला दवाखान्यात पाठवलं. मी बोलतोय ते दवाखाना टाळून गोळी घ्यायला लावणाऱ्यांबद्दल. खाली त्याच गोळीचा सवलतीचा कोड असतो.

पहाटपाळी: मला तर झोपेवरचे उपदेश ऐकून चीड येते. 'आठ तास झोपा' म्हणे, आणि पहिला तास सकाळी सातला! वयात येताना मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागतं, झोपच उशिरा येते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ सालीच सांगितलंय, मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी भरवू नका. वेळापत्रक लावणाऱ्यांसाठी कोण रील करणार?

जुना_मास्तर: वीस वर्षं पहिला तास घेतोय. डुलक्या काढणाऱ्यांना विचारा, रात्री दोनपर्यंत मोबाइलवर काय चालू होतं.

पहाटपाळी: तुम्ही विचारलंत कधी, सर? मी रात्री अकरापर्यंत कामावर असायचो. आमच्या सरांनी उभं केलं, विचारलं नाही.

जुना_मास्तर: तुम्हाला मी उभं केलेलं नाही, उगाच अंगावर येऊ नका. तास उशिरा ठेवला की ही मुलं तीनपर्यंत जागतील.

पहाटपाळी: नाही जागत. सिएटलमध्ये २०१६ साली माध्यमिक शाळांची वेळ तासाभराने पुढे नेली. मुलं रोज साधारण ३४ मिनिटं जास्त झोपली. मनगटावरच्या यंत्राने मोजलंय, मुलांच्या सांगण्यावरून नाही.

जुना_मास्तर: तासाभरातली ३४ मिनिटंच ना? बरं, झोपली. एवढं मानतो.

अनामिका२: वेळापत्रकासाठी दुसरा धागा काढा हो. निशाचर, कोड देणाऱ्यांबद्दल तुमचं बरोबर आहे. पण मग सरसकट 'डॉक्टरांच्या रील्स' म्हणू नका.

निशाचर: ठीक, सरसकट म्हणायला नको होतं. पण त्या रीलखाली मी डोसाची चूक दोनदा लिहिली. दोन्ही कमेंट उडवल्या, रील तशीच आहे.

अनामिका२: लिंक टाका. मीही लिहिते.