मेमोरियल गेट्सचा कार्यक्रम : पुढच्या मार्चला मंडळ येणार का?

मंडळी, नमस्कार.

कॉमनवेल्थ (राष्ट्रकुल) दिनाला लंडनच्या कॉन्स्टिट्यूशन हिलवर मेमोरियल गेट्सच्या कार्यक्रमाला जाऊन आले. भारतीय उपखंड, आफ्रिका आणि कॅरिबियनमधून दोन्ही महायुद्धांत स्वेच्छेने लढायला गेलेल्या पन्नास लाख लोकांचं हे स्मारक. २००२ साली राणी एलिझाबेथच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. पोर्टलँड दगडाचे चार खांब आणि बाजूला छोटी घुमटाची छत्री.

पुढच्या रांगेत माजी सैनिक बसले होते. मोजकेच उरलेत, सगळे नव्वदीच्या पुढचे. एका पंजाबी आजोबांच्या कोटावर इटली स्टार हे युद्धपदक होतं : लाल, पांढरी, हिरवी, पुन्हा पांढरी, लाल अशी फीत. बिगुल सुरू झाल्यावर ते व्हीलचेअरच्या हातांवर जोर देऊन उठायला लागले. नातीने खांद्यावर हात ठेवला, तरी उठलेच, आणि शांतता संपेपर्यंत उभे राहिले. नंतर मी पाया पडले तर हिंदुस्तानीत विचारलं, "कौनसा गाँव, बेटी?" सातारा म्हटल्यावर म्हणाले, "मराठे! इटलीत आमच्यासोबत होते." माझा हात बराच वेळ सोडला नाही त्यांनी.

छत्रीत आत उभं राहून वर बघा. व्हिक्टोरिया क्रॉस आणि जॉर्ज क्रॉस ही ब्रिटनची सर्वोच्च शौर्यपदकं मिळालेल्यांची नावं कोरलेली आहेत, त्यांत आपले दोघे : यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव. गणपतीला आपण हॉल भरतो, इथे मात्र मराठी बोलणारी मी एकटीच होते. फार वाईट वाटलं. पुढच्या वर्षी मुलांना घेऊन जाऊ या. या माणसांना प्रत्यक्ष भेटण्याची फार वर्षं आता उरलेली नाहीत.

—

काकू, मेल वाचून आईला फोनवर वाचून दाखवली. आम्ही माणगावचे. घाडगे आमच्याच तालुक्यातल्या पळसगावचे, माणगावात त्यांचा पुतळा लहानपणापासून बघतोय. लंडनमध्ये त्यांचं नाव कोरलंय हे मात्र माहीत नव्हतं.

पण एक मनापासून विचारतो. ही माणसं इंग्रजांच्या फौजेत लढली, तेव्हा इकडे नेहरूंसारखे नेते तुरुंगात होते. मंडळाच्या नावाने पुष्पचक्र वाहिलं तर काही जणांना ते खटकेल. त्यांना काय सांगायचं?

—

अरे, प्रश्न रास्त आहे आणि बैठकीतही येईलच. माझं मत सांगते.

घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत लढताना गेले तेव्हा २२ वर्षांचे होते. तुकडीतले बाकी सगळे मेलेले किंवा जखमी. ते एकटे मशीनगनवर धावून गेले. गोळ्या संपल्या, भरायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून दस्त्याने लढले. जाधवांनी ९ एप्रिल १९४५ ला सेनियो नदीच्या पाण्यातून, सुरुंगांतून दोन जखमी सोबत्यांना एकेक करून बाहेर आणलं. मग जखमी हाताने बाँब टाकत तीन मशीनगन बंद पाडल्या आणि बांधावर चढून मराठ्यांची युद्धगर्जना केली. समोर नाझी फौज होती. तिचा पराभव व्हायलाच हवा होता, हे मी कुणालाही तोंडावर सांगेन. शिवाय राज्य कुणाचं असावं हे या पोरांना कुणी विचारलं नव्हतं. मोंतोने या इटालियन गावाने २०२३ साली घाडग्यांच्या नावाने सूर्यघडीचं स्मारक उभारलं. तिथल्या लोकांना त्यांची आठवण ठेवावीशी वाटते, मग आपल्याला संकोच का?

पुष्पचक्र 'मराठा सैनिकांच्या स्मृतीस' एवढ्याच शब्दांचं करू. त्यात कुठल्या राज्याचा गौरव नाही.

आता कामाचं. कॉमनवेल्थ दिन मार्चचा दुसरा सोमवार असतो, म्हणजे शाळेची परवानगी आधी काढावी लागेल. येणाऱ्यांनी जानेवारीअखेर मला कळवा, मी आयोजकांना विचारून ठेवते. आई त्या वेळी इकडे असतील तर त्यांना नक्की आण. हाइड पार्क कॉर्नरला लिफ्ट नाही, त्यांच्यासाठी ग्रीन पार्कला उतरा. तिथून बागेतून रस्ता आहे.