गोष्टी घालून ऑनलाइन ट्रेनिंग रंगतं म्हणे!

हिंजवडीचा_हमाल: काल इथे कुणीतरी लिहिलं होतं, "ट्रेनिंगमध्ये गोष्ट घाला, शेवटी अभिप्राय घ्या, कर्मचारी आपोआप गुंततात." डोकंच उठलं. अकरा वर्षं दर वर्षी पॉशचं, म्हणजे कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचं, मॉड्यूल करतोय. गोष्ट तीच. राहुल प्रियाच्या खुर्चीमागे येऊन उभा राहतो, राहुलचं चुकलं का? चार पर्याय, त्यातले तीन शेंबड्या पोरालाही चूक कळतील असे. तरी चुकलात तर बरोबर येईपर्यंत पुन्हा. मग पाच ताऱ्यांचा फॉर्म. तो भरल्याशिवाय सर्टिफिकेट उतरत नाही. मी न बघता पाच तारे देतो, सगळेच देतात. 2013 च्या कायद्याचं कलम 19 कार्यशाळा घ्या म्हणतं, ती आमच्याकडे अशी होते. आता माझ्या टीमला विचारा, तक्रार किती दिवसांत करायची? तीन महिने, हे एकालाही सांगता आलं नाही. तक्रार समितीवर कोण आहे, तेही नाही.

मॉड्यूलवाली: मी हीच मॉड्यूल्स बनवते, त्यामुळे शिव्या पोचल्या. पण राहुल-प्रिया ही गोष्टच नव्हे, गणितातल्या आंबे विकणाऱ्यासारखी ती माणसं. आम्ही एकदा असं लिहिलं होतं: शेजारच्या टेबलावरच्या बाईनं सगळं पाहिलंय आणि तिचं प्रमोशन त्याच साहेबाच्या हातात आहे. बोलायचं की नाही, हे तुम्ही ठरवायचं. गप्प बसलात तर पुढे काय होतं तेही दिसायचं. मी अभिप्राय म्हणते तो हा, तारे नव्हेत. क्लायंटच्या लीगलनं कापलं. "यात कंपनी वाईट दिसते." ट्रेनिंगचा उपयोग झाला का हे मोजायला कर्कपॅट्रिक नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं 1959 मध्ये चार पायऱ्या सांगितल्या: आवडलं का, शिकलात का, वागणं बदललं का, कामात फरक पडला का. आपल्याकडे पहिलीवरच सत्यनारायण घालून मोकळे होतात.

एमआयडीसीकर: एसीत बसून चाललंय तुमचं. केमिकल प्लांटवर गोष्टीबिष्टी नको, नियम पाठ पाहिजेत. मी लागलो तेव्हा फोरमननं टाकीच्या तोंडाशी उभं केलं. म्हणाला, इथं एक जण साफ करायला उतरला आणि पडला. दुसरा त्याला काढायला गेला, तो तिथंच. तिसऱ्याला मी कमरेला धरून ओढलं. वास येत नव्हता म्हणून उतरले. हायड्रोजन सल्फाइड आधी नाकच मारतो, हे माहीत नव्हतं. वीस वर्षं झाली, हवा तपासल्याशिवाय आणि परमिटशिवाय मी आत डोकंही घातलेलं नाही.

मॉड्यूलवाली: काका, ही गोष्टच झाली की!

एमआयडीसीकर: गोष्ट नव्हे, घडलेलं आहे. आणि आता फोरमनच्या जागी टॅब आलाय. त्यात मराठी कसलं? कन्फाइंड स्पेसला, म्हणजे असल्या टाकीसारख्या कोंडलेल्या जागेला, "मर्यादित जागा"! पोरांना वाटलं भरती निघाली.

शुद्धलेखन_पोलीस: 😂 मर्यादित जागा, त्वरा करा! "बंदिस्त जागा" म्हणायला काय जातं?

पुणेरी_पण_गरीब: कन्फाइंड स्पेसच ठेवा. दारावर तेच लिहिलेलं असतं. आणि निम्मे कंत्राटी कामगार बिहार-ओडिशाचे, मराठी घेऊन काय करणार ते?

शुद्धलेखन_पोलीस: आलं! मराठी मागितली की तुम्हाला लगेच बिहार आठवतो. उरलेल्या निम्म्यांनी गुदमरायचं का?

पुणेरी_पण_गरीब: तोंडात शब्द घालू नका. माझा भाऊ कंत्राटी आहे. त्याला हिंदी व्हिडिओ दाखवला, इंग्रजी कागदावर सही घेतली. कुठली भाषा येते, हे कुणी विचारलंच नाही.

शुद्धलेखन_पोलीस: मग आधी हेच लिहायचं होतं ना. दारावरची पाटीही मराठीतच हवी, हे मात्र सोडणार नाही.

हिंजवडीचा_हमाल: धागा माझा होता, आठवण म्हणून सांगतो. बरं, टाकीची गोष्ट मला आत्ता तोंडपाठ आहे, अकरा वर्षांचा राहुल नाही. झालं समाधान? पण लीगल ती पास करेल तेव्हा बोला.

मॉड्यूलवाली: काका, तुमच्या आवाजात रेकॉर्ड करून द्याल का?

एमआयडीसीकर: मॅनेजरला विचारतो. शेवटी तारे मागायचे नाहीत.

शुद्धलेखन_पोलीस: आणि "बंदिस्त" म्हणा.