घोटा मुरगळून १६ दिवस झाले, मालीश करू की फिजिओ? (ठाणे)

मेघा_पाचपाखाडी
नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. मागच्याच्या मागच्या रविवारी सकाळी येऊरच्या डोंगरावर चालायला गेलो होतो, गेटच्या पुढे उतारावर शेवाळ होतं ते दिसलंच नाही, उजवा पाय आतल्या बाजूला वळला आणि मी बसलेच खाली. कट्कन आवाज आला तो मैत्रिणीनेपण ऐकला. संध्याकाळपर्यंत घोटा टम्म सुजला, दुसऱ्या दिवशी बाहेरची बाजू पार काळीनिळी. एक्सरेत हाड शाबूत आहे, डॉक्टर म्हणाले लिगामेंट आहे, ग्रेड टू. क्रेप बँडेज, पाच दिवसांच्या गोळ्या आणि आराम. आराम किती दिवस विचारलं तर म्हणे दुखेल तोपर्यंत, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

गोळ्यांनी ॲसिडिटी झाली म्हणून तिसऱ्याच दिवशी बंद केल्या, आता जमेल तेवढं घरगुती, नैसर्गिक करायचंय. सूज निम्मी उतरलीय पण सकाळी पहिली चार पावलं टाकताना जीव जातो, आणि पाय असा लटपटल्यासारखा वाटतो, भरवसा नाही वाटत त्याचा. सोमवारपासून ऑफिस आहे रबाळ्याला, म्हणजे ठाणे स्टेशनचा पूल आणि ट्रान्सहार्बर लोकलची गर्दी.

सासूबाईंचं म्हणणं नस चढलीय, मुरबाडला त्यांच्या माहेरी एक जण पाय ओढून नस बसवतात तिकडे जाऊ. शिवाय त्यांनी भर जुलैत डिंकाचे लाडू वळलेत, रोज दोन खावे लागतात, पायाचं माहीत नाही पण वजन नक्की वाढणार. कोणाला असा अनुभव आहे का?

खारेगावचा_सुन्या
मुरबाडला जाऊ नका. सॉरी, सासूबाईंचा मान राखून सांगतोय. मी २०१९ ला क्रिकेट खेळताना सेम हेच केलं होतं, चौथ्या दिवशी एका मालीशवाल्याकडे गेलो, त्याने टाच धरून असा काही झटका दिला की मी तिथल्या बाकड्याची पट्टी हाताने मोडली, खोटं नाही सांगत. येताना बरं वाटलं, रात्री परत दुप्पट सूज. पुढे एमआरआय काढला, त्यात लिगामेंट चांगलंच फाटलेलं निघालं. आधी किती होतं आणि झटक्याने किती वाढलं देव जाणे. चार महिने गेले. त्यात वर तो माणूस भेटला की अजून विचारतो, काय मग, बसली ना नस?

फिजिओ_ऐरोली
मेघाताई, मी हेच काम करते, १४ वर्षं झाली. पाय न बघता पक्कं निदान सांगणार नाही, पण तुम्ही लिहिलंय ते अगदी पुस्तकातल्यासारखं आहे.

आधी नस चढणे. नस वगैरे काही चढत नाही. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला तीन लिगामेंट असतात, म्हणजे दोन हाडांना बांधून ठेवणारे पट्टे समजा, पाऊल आत वळलं की त्यातला पुढचा पट्टा सगळ्यात आधी ताणला जातो किंवा फाटतो. ग्रेड टू म्हणजे अर्धवट फाटलाय. आता अर्धवट फाटलेली साडी ओढून शिवतो का आपण? पहिल्या काही आठवड्यांत झटका द्यायचा नाही आणि दुखऱ्या जागेवर जोरात रगडायचंही नाही. पोटरीला हलक्या हाताने तेल लावलंत तर माझी काही हरकत नाही.

दुसरं, तो लटपटेपणा. त्याच्याकडे सगळे दुर्लक्ष करतात आणि मग दर पावसाळ्यात तोच पाय मुरगळतो. या पट्ट्यांमध्ये बारीक बारीक सेन्सर असतात, पाऊल किती कललंय ते मेंदूला सांगणारे. पट्टा फाटला की ती बातमी उशिरा पोचते. सूज उतरते, दुखणं जातं, पण हे आपोआप परत येत नाही, शिकवावं लागतं. आणि ते शिकवायला ना मशीन लागतं ना गोळी, तुम्हाला नैसर्गिकच हवंय ना, मग याच्याहून नैसर्गिक काही नाही.

आत्तापासून: खुर्चीत बसून पायाच्या अंगठ्याने हवेत अ आ इ ई गिरवा, ज्ञ पर्यंत, दिवसातून तीनदा. हसू नका, घोटा सगळ्या दिशांनी फिरतो त्यात. मग टॉवेल तळव्याखाली घालून हाताने ओढायचा आणि पायाने उलट दाबायचं. उभं राहून पूर्ण वजन निमूट घेता आलं की ओट्याला हात लावून फक्त दुखऱ्या पायावर उभं राहायचं, आधी १० सेकंद, मग ३० पर्यंत. मग हात सोडून. मग डोळे मिटून, आणि डोळे मिटल्यावर कळतं आपण किती पाण्यात आहोत ते.

थोडं दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी सूज वाढलेली दिसली तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजा. ठणका वाढत गेला, एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली किंवा चार पावलंही टाकता येईनात तर परत डॉक्टर, वाट बघायची नाही.

स्टेशनच्या जिन्याला: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, कठड्याच्या बाजूने. पहिले पंधरा दिवस घोट्याचा पट्ट्यांचा सपोर्ट घाला आणि लोकलला दोन गाड्या सोडायची तयारी ठेवा. क्रेप बँडेज रात्री काढा, बोटं गार पडली किंवा निळी दिसली तर घट्ट बांधलंय.

वसंतविहारची_आजी
अगं मेघा, फिजिओताई बरोबर सांगतायत पण घरातलं सगळंच टाकाऊ नसतं हो. आमच्याकडे मुका मार लागला की आंबेहळद आणि रक्तचंदन सहाणेवर उगाळून कोमट लेप लावायचे, वाळला की धुवायचा. निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून फडक्यात बांधून शेकायचे, पण ते ताज्या सुजेवर नाही, आठ दिवसांनी. आणि शेकताना अंदाज घे, आमच्या नणंदेने विटेचा शेक देताना घोट्याची कातडी भाजून घेतली होती, मुरगळलेलं बरं झालं भाजलेलं महिनाभर चिघळत होतं.

सासूबाईंना नको म्हणू नकोस, लेप लावायचं काम त्यांना दे. त्या निमित्ताने तू अर्धा तास पाय वर करून पडशील, ते जास्त महत्त्वाचं. सुनेला कोण बसू देतं नाहीतर.

डेटावाला_घोडबंदर
लाडूंबद्दल कोणी बोललंच नाही. डिंक चिकट म्हणून तो सांधे चिकटवतो असं बहुतेक कोणाला तरी वाटलं असणार. डिंक हा झाडाचा चीक, पोटात गेला की फायबर. बाळंतिणीला तो लाडू देतात तेव्हा खरं काम तूप, खोबरं, खारीक, गूळ करतात, अंगात ताकद येते. कॅल्शियमसाठी नाचणी चांगलीच, १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० मिलीग्रॅम, तीळ तर त्याच्याही पुढे. पण मेघाताई तुमचं हाड मोडलेलंच नाहीये! लिगामेंट मुख्यतः कोलॅजनचं, त्याला प्रोटीन आणि सी व्हिटॅमिन लागतं. म्हणजे सकाळी नुसते पोहे न खाता सोबत दोन अंडी किंवा उसळ, आणि एखादा पेरू किंवा आवळा. पेरूत संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त सी असतं, आणि स्टेशनबाहेर मीठमसाला लावून मिळतो.

बर्फाचंही जरा सांगतो. आराम, बर्फ, बँडेज, पाय उंच हे राइस नावाचं सूत्र डॉ. गेब मिर्किन यांनी १९७८ मध्ये मांडलं, आणि त्यांनीच २०१४ मध्ये लिहिलं की बर्फ आणि पूर्ण आराम दोन्ही भरून यायला उशीर करू शकतात. तेव्हा दुखेल तोपर्यंत आराम हा सल्ला मला तरी पटत नाही.

फिजिओ_ऐरोली
@डेटावाला बरोबर, फक्त लोक याचा अर्थ बर्फ विषारी असा घेतात. पहिल्या दोन दिवसांत दुखणं कमी करायला फडक्यात गुंडाळून १० मिनिटं ठेवला तर काही बिघडत नाही. आता १६ दिवसांनी प्रश्नच नाही त्याचा. आजींची निर्गुडी चालेल, लेपावर वेळ घालवून व्यायाम मात्र टाळायचा नाही.

मेघा_पाचपाखाडी
सगळ्यांचे खूप आभार, तीन आठवड्यांनी लिहितेय. मुरबाड कॅन्सल झालं, सुन्याभाऊंचा बाकड्याचा किस्सा सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. एका फिजिओकडे तीनदाच गेले, बाकी घरी. आजींचं ऐकून लेप सासूबाईंकडे दिला, त्या रोज संध्याकाळी मी ऑफिसातून आले की सहाण घेऊन बसतात आणि मला खरंच उठू देत नाहीत.

एका पायावर उभं राहायचं मी दूध तापवताना करते. पहिल्या दिवशी ४ सेकंद, चांगला पाय सारखा मदतीला खाली येत होता. सासूबाई ओट्यापाशी उभं राहून आकडे मोजतात, काल डोळे मिटून ११ झाले आणि त्या बारा म्हणायच्या आत दूध उतू गेलं. सकाळची कळ जवळपास गेलीय, जिना उतरताना अजून थोडी धाकधूक वाटते. लाडूंचा डबा नवऱ्याने संपवला.

एकच विचारायचंय, येऊरला परत कधी जाऊ?

फिजिओ_ऐरोली
डोळे मिटून ३० होऊ देत आणि दुखऱ्या पायावर टाच उचलून २० वेळा वरखाली जमू दे. आधी कचराळी तलावाचा सपाट ट्रॅक, मग उपवन, येऊरचा उतार गणपती झाल्यावर. आणि शूजचा तळवा बघा, झिजून गुळगुळीत झाला असेल तर तो आधी बदला.

मेघा_पाचपाखाडी
आत्ताच बघितला. टाचेला नक्षीच उरली नाहीये.