टायट्रेशनची गणिते प्रारंभीच्या रसायनशास्त्रात हवीतच का?

मूळ मत : कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षिका, सांगली

टायट्रेशन म्हणजे एका द्रावणात दुसरे द्रावण अभिक्रिया पूर्ण होईपर्यंत मापून सोडणे आणि लागलेल्या मिलींवरून तीव्रता काढणे. प्रात्यक्षिक परीक्षेच्या आधी विद्यार्थी ही गणिते ज्या रीतीने घोकतात ती पाहून मला वाटू लागले आहे की प्रयोग तेवढा ठेवावा आणि गणिते पदवीवर सोपवावीत. ‘एम१ व्ही१ = एम२ व्ही२’ (तीव्रता गुणिले आकारमान दोन्ही द्रावणांत सारखे) सर्वांना पाठ असते; पण ०.१ मोलर (लिटरला ०.१ मोल; मोल म्हणजे कणांची एक ठराविक संख्या) ऑक्झॅलिक आम्लाच्या १० मिली द्रावणास ०.०२ मोलर पोटॅशियम परमँगनेट किती लागेल, असे विचारले की बहुतेक जण बेधडक ५० मिली सांगतात. प्रत्यक्षात २० मिलीलाच फिकट गुलाबी रंग टिकतो, म्हणजे अभिक्रिया पूर्ण होते, कारण परमँगनेटच्या दोन मोलांना आम्लाचे पाच मोल लागतात, आणि ते समीकरण त्यांच्याच वहीत आधीच्या पानावर असते. हा वेळ मोल ही संकल्पना पक्की करण्यास का देऊ नये?

प्रतिसाद : द्राक्षप्रक्रिया उद्योगातील प्रयोगशाळा साहाय्यक, तासगाव

बाई, आपले उदाहरण आपल्याच विरुद्ध जाते. मोल समजला नाही, हे त्या ३० मिलींच्या फरकानेच तर उघडे पडले. गणित नसते तर गुलाबी रंग पाहून सर्वांनाच पूर्ण गुण मिळाले असते. आम्ही १० मिली द्राक्षरसाला ०.१ नॉर्मल (तीव्रतेचे जुने एकक) कॉस्टिक सोडा लावतो. समजा, ८ मिली लागला. एका मिलीमागे ०.००७५ ग्रॅम टार्टारिक आम्ल, म्हणजे ०.०६ ग्रॅम, म्हणजे लिटरला ६ ग्रॅम. बागाईतदाराला हा शेवटचा आकडा हवा असतो, ब्युरेटमधला (द्रावण मापून सोडण्याच्या नळीवरचा) नव्हे. अंत्यबिंदू (अभिक्रिया पूर्ण झाल्याचा क्षण) अचूक साधणारी, पण त्या ८ मिलींचा अर्थ न सांगता येणारी नवी मुले मी पाहिली आहेत.

प्रतिसाद : निवृत्त प्राध्यापक, कराड

आमच्या वेळी मोलरऐवजी नॉर्मॅलिटी (लिटरमध्ये किती सममूल्यभार, ही तीव्रता) होती, ऑक्झॅलिक आम्लाचा सममूल्यभार (अभिक्रियेत एका एककाची बरोबरी करणारे वजन, ग्रॅममध्ये) ६३ धरला की सूत्र कधी चुकत नसे. मात्र दोनास पाच हे प्रमाण त्या ६३ मध्ये असे लपून जाई की उत्तर बरोबर येऊनही आम्हाला काहीच कळलेले नसे. तासगावकरांच्या ०.००७५ मध्येही असेच मोलांचे प्रमाण झाकले आहे, हे त्यांनी रागावू नये.

मूळ मत मांडणारीचे उत्तर

गणिते पदवीवर सोपवण्याचा आग्रह मी सोडते, सूत्र न समजता वापरू नये हा नाही. यंदा आधी समीकरणावरून किती मिली लागेल याचा अंदाज वहीत लिहून घेईन, मगच ब्युरेट भरू देईन. ज्यांचा आकडा ५० येईल त्यांना प्रयोगशाळेतच तो २० का झाला हे शोधावे लागेल.