ॲनिमोन मरतो आहे की प्रजनन करतो आहे?

प्रश्न (लातूर): आमच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतील बबल टिप ॲनिमोनच्या (दगडाला चिकटून राहणारा, फुगीर टोकांच्या शुंडकांचा समुद्री प्राणी) तोंडातून रात्रीपासून धुरासारखा पांढरा पदार्थ बाहेर पडत असून पाणी गढूळ झाले आहे आणि क्लाउनफिश पृष्ठभागाशी येऊन धापा टाकत आहेत. तातडीने काय करावे?

उत्तर (नांदेड): शुंडके फुगलेली असतील व पाय दगडाला घट्ट चिकटलेला असेल, तर हे प्रजननच असण्याची शक्यता अधिक आहे, मरणारा ॲनिमोन आकसतो, त्याचे तोंड उघडे राहते आणि दुर्गंधी सुटते. या जातीत नर व मादी वेगळे असतात. अंड्यांचे दाणे न दिसता नुसता धूर दिसत असल्याने आपला बहुधा नर असावा. हा पदार्थ कुजताना प्राणवायू घटतो व अमोनिया वाढतो, म्हणून आधी एअर पंप लावावा, मग अमोनिया तपासून सुमारे एक चतुर्थांश पाणी बदलावे आणि फिल्टरमध्ये सक्रिय कार्बन ठेवावा. स्किमर (फेसाद्वारे पाण्यातील घाण काढणारे उपकरण) उतू जाईल, पण तो बंद करू नये; त्याचा घाण साठणारा कप वारंवार रिकामा करावा.

उत्तर (परभणी): वरील सल्ल्याशी सहमत आहे, मात्र घाईत बोअरचे किंवा टँकरचे पाणी वापरू नका. आरओ-डीआय (क्षार काढून शुद्ध केलेल्या) पाण्यात मीठ पूर्ण विरघळवून, घनता १.०२५ च्या आसपास व तापमान टाकीइतकेच आहे याची खात्री करूनच ते ओतावे. आपल्याकडील भारनियमन पाहता बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात हवाच.

प्रश्नकर्ता: पाणी बदलल्यावर मासे खाली उतरले आहेत. अमोनिया उद्या पुन्हा तपासतो.