पाणीपट्टी ठोक की मीटरने? (छत्रपती संभाजीनगर)

आडनळ: २०२२ मध्ये वर्षाची घरगुती पाणीपट्टी ४,०५० वरून २,०२५ रुपये झाली, सगळे खूश. पण मोटार लावून हौद भरणारा बंगला आणि गल्लीच्या टोकाला चार हंडे मिळवणारं घर, दोघांनाही तेच २,०२५. ठोक पट्टी म्हणजे जास्त ओढेल त्याला बक्षीस. मीटर बसवा.

फेरूल: आणि मोजणार काय, हवा? इथे पाणी काही दिवसांआड येतं; व्हॉल्व्ह उघडला की रिकाम्या पाइपातली हवा आधी सुटते. नळ फुसफुसतो आणि मीटरचं चाक पाण्यापेक्षाही जोरात फिरतं. वर कोरड्या पाइपातला सुटा गंज मीटरच्या जाळीत अडकतो, मग तोच मीटर कमी दाखवतो किंवा बंदच पडतो. आधी रोज पाणी द्या.

आडनळ: लाइनच्या उंचवट्यांवर एअर व्हॉल्व्ह बसवा, मीटर आडवा आणि तबकडी वर ठेवा. शंका आली तर २० लिटरच्या ५ बादल्या भरा, आकडा १०० लिटरने वाढायला हवा. (काळे आकडे घनमीटरचे, लाल लिटरचे. लाल आकडे काळ्यांना जोडून वाचू नका.) कराडजवळच्या मलकापूरने मीटर लावून चोवीस तास पाणी दिलंच ना?

फेरूल: मलकापूर माझ्या बाजूचं उदाहरण झालं! पाइप सतत भरलेला, म्हणून मीटर खरं बोलतो. इथे माणशी १३५ लिटरने पाच जणांना रोज ६७५ लागतात. पाणी पाचव्या दिवशी आलं तर ३,३७५ लिटर साठवायचे. हौद, गच्चीवरची टाकी, मोटार, वीज, मधूनच टँकर... हा खर्च पाणीपट्टीत कोण धरतं?

जलकुंभ: पहिला मीटर घरात नको, जलकुंभातून निघणाऱ्या मोठ्या लाइनवर हवा. सुटलेलं पाणी भागिले त्या लाइनवरचे अधिकृत नळ. एका वस्तीत हा आकडा शेजारच्या दुप्पट आला, तर तिथे गळती आहे नाहीतर चोरीचे नळ. आणि नळाला थेट मोटार लावणं हा पैशाचा प्रश्नच नाही. मोटारीच्या ओढीने लाइनचा दाब पडतो, सैल जोडातून गटाराचं पाणी आत येतं आणि ते शेजाऱ्याच्या हंड्यात जातं. मोटारी जप्तच कराव्यात.

आडनळ: जप्तीला पाठिंबा. तरी ठोक पट्टीत मोटारवाल्याला एक पैसा जादा पडत नाही, हे खरंच.

फेरूल: पडतो की, विजेचा. म्हणून ओढायचं थांबलाय का?